वजनदार बाळाचे स्तनपान : आसन आणि आधार

गुटगुटीत बाळ सर्वांनाच आवडते. मात्र दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा त्याला छातीशी धरून बसण्याचे काम आईचे असते. जन्मतः ४ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक वजन असलेल्या अर्भकास वैद्यकात सामान्यतः मोठे बाळ समजतात. पण बेताच्या वजनाचे मूलही पाहता पाहता जड होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकांनुसार मुलग्याचे मध्यम वजन जन्मतः ३.३, चार महिन्यांनी ७ आणि सहा महिन्यांनी ७.९ किलोग्रॅम असते. साहजिकच, पहिल्या आठवड्यात सोयीची वाटलेली बैठक चौथ्या महिन्यातही सोयीची राहील असे नाही.

एकट्या आईचा प्रश्न

छत्तीसगडमधील भिलाईसारख्या औद्योगिक नगरात हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे नोकरीसाठी आली आणि सेक्टरांतील क्वार्टरमध्ये राहू लागली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. अशा घरी बाळंतपणासाठी गावाहून आलेली आई किंवा सासू सव्वा महिन्यानंतर परत गेली, आणि पती पाळीवर गेला, म्हणजे बाळंतीण घरात एकटीच उरते. बाळाचे वजन भराभर वाढण्याचा काळही नेमका हाच असतो. आधार देणारे माणसाचे हात जवळ नसले, तर तो आधार भिंत, लोड, गोधडी आणि पाट यांच्याकडून घ्यावा लागतो.

हात दमल्याने काय होते?

बाळाचा भार केवळ मनगटावर आणि दंडावर असेल, तर काही मिनिटांतच हात खाली येऊ लागतो. बाळ खाली घसरते आणि त्याच्या तोंडात फक्त स्तनाग्र उरते. मग स्तनाग्रास भेगा पडतात, स्तन पुरेसा रिकामा होत नाही आणि पुढे दूधही कमी उतरू लागते. भुकेले बाळ रडते. ‘एवढ्या मोठ्या बाळाला आईचे दूध कसे पुरणार?’ असे म्हणून घरची मंडळी वरचे दूध सुरू करतात. दोष मुळात बैठकीचा असतो, पण खापर मात्र दुधावर फोडले जाते.

वस्तुतः पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत बाळ दिवसाकाठी पिते त्या दुधाचे प्रमाण फारसे बदलत नाही. ते सरासरीने पाऊण लिटरच्या आसपास असते. वय वाढते तसा वाढीचा वेग मंदावतो, त्यामुळे दुधाची गरज वजनाच्या पटीत वाढत नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरत आहे असे समजावे.

सर्व आसनांचे समान नियम

आईने आधी स्वतः नीट टेकून बसावे आणि मग बाळास जवळ घ्यावे. स्तन बाळाकडे नेण्यासाठी वाकू नये. बाळालाच स्तनापाशी आणावे. बाळाचे पोट आईकडे असावे आणि कान, खांदा व कंबर एका रेषेत असावीत. त्याचे नाक स्तनाग्रासमोर आले आणि तोंड मोठे उघडले, की त्यास चटकन जवळ ओढावे. हनुवटी स्तनास टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा आणि स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाचा बराचसा अंश तोंडात गेलेला असावा. आधार मानेच्या मुळाशी व पाठीला द्यावा. डोके मागून दाबू नये. दुखत असल्यास करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सारून पकड सोडवावी व पुन्हा प्रारंभ करावा.

सोयीची आसने

मांडीवर घेऊन : भिंतीला पाठ टेकून मांडी घालावी आणि कमरेमागे लोड ठेवावा. बाळाखाली गोधडीची घडी घ्यावी. मात्र ती इतकी उंच नसावी की खांदे वर उचलले जातील. एक गुडघा उभा करून त्यावर कोपर टेकल्यास जड बाळाचा भार पायावर जातो. खुर्चीवर बसल्यास पायांखाली पाट घ्यावा.

कुशीवर निजून : रात्री आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीनंतर हे आसन उत्तम, कारण बाळाचा सारा भार गादी पेलते. आईच्या पाठीशी उशी असावी. बाळाच्या तोंडाजवळ मात्र उशी किंवा सैल पांघरूण नसावे.

काखेखालून : बाळाचे धड आईच्या बगलेशी, उशीवर ठेवावे. पोटावरील टाक्यांना धक्का लागत नाही. लांब बाळ पायांनी मागच्या भिंतीस रेटा देते. यासाठी त्याचे पाय भिंतीलगत वर वळवून ठेवावेत.

रेलून : तक्क्याला मागे रेलून बाळास छातीवर पालथे घ्यावे. हातांना फक्त सावरावे लागते. त्याचे नाक मोकळे आहे याकडे लक्ष असावे.

बसवून : मान सावरू लागलेल्या बाळास मांडीवर, पाय दोहोंकडे सोडून, आईकडे तोंड करून बसवावे. चार-पाच महिन्यांच्या वजनदार बाळास हे आसन बहुधा मानवते.

सल्ला केव्हा घ्यावा?

आईस मधुमेह असल्यास मोठ्या बाळाच्या रक्तातील साखर जन्मानंतर उतरण्याचा संभव असतो. म्हणून पहिल्या तासातच चीक पाजावा, पुढेही वरचेवर पाजावे आणि साखर तपासून घ्यावी. प्रसूतीच्या वेळी खांदा अडकून बाळाच्या गळपट्टीच्या हाडास किंवा हाताच्या नसांना इजा झाली असल्यास, त्या बाजूवर भार न येईल असे आसन डॉक्टरांकडून समजून घ्यावे. स्तनात लाल, दुखरी गाठ येऊन ताप चढल्यास विलंब करू नये. परंतु पाजणे सहसा थांबवण्याचे कारण नसते.

भिलाईत सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. छत्तीसगडमध्ये २००२ साली सुरू झालेल्या योजनेतील मितानिनही आहेत. मितानिन म्हणजे मानलेली मैत्रीण. आजूबाजूच्या वस्त्यांतून त्या आरोग्यविषयक सल्ला देतात.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही शिफारस मोठ्या बाळासही लागू आहे. ती पाळता यावी यासाठी घरच्यांनी एवढे अवश्य करावे : पाजण्याच्या वेळी आईच्या पाठीमागे लोड सरकवावा, तिला पाणी आणून द्यावे आणि दूध झाल्यावर बाळ आपल्या खांद्यावर घ्यावे.