शेततळ्यातून पोर वर येणार कसं?

आईबाबांनो, परीक्षा संपून पोरं मोकळी सुटायच्या आत हे बोलून घ्यायला हवं.

शेततळ्यांनी आपल्या बागा जगवल्या, यात वाद नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि डाळिंब-द्राक्षांच्या पट्ट्यात मळ्यामळ्यात तळी दिसू लागली. योजनेतलं मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. ३ मीटर म्हणजे जवळपास १० फूट. त्यात घरातला उंचातला उंच माणूसही बुडतो, पोरांची काय कथा! तरीही खोलीपेक्षा मला भीती वाटते ती कागदाची.

पाणी जिरू नये म्हणून आपण तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरतो. कोरडा असताना त्यावर पाय कसाबसा ठरतो. ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की उतरणीवर हाताला काही लागत नाही आणि पायालाही. खरं वाटत नसेल तर तळं आटलेलं असताना कमरेला दोर बांधा, दोराचं टोक वर कुणाच्या तरी हातात द्या आणि कागदावर बादलीभर पाणी ओतून अनवाणी चढून बघा. दोन पावलांत घसराल. पोराला हेच पाण्यातून, ओल्या कपड्यांनिशी, घाबरलेल्या जिवानं करायचं असतं.

म्हणून “आमच्या बंड्याला पोहता येतं हो” हे ऐकलं की मला धीर येत नाही. आपले आजोबा-पणजोबा पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. त्या विहिरींना पायऱ्या होत्या, दगडांच्या कपारी होत्या. दमला गडी की कपारीला धरून राहायचा. शेततळ्यात पोहणारा काठापर्यंत येतो, वर चढू बघतो, घसरतो, पुन्हा चढू बघतो आणि दमतो. पोहायला जरूर शिकवा, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

आणि हे प्रकरण एकावर थांबत नाही. हात धुवायला गेलेल्या धाकट्याचा पाय सटकतो, त्याला ओढायला थोरली उतरते, आरडाओरडा ऐकून आई धावते आणि तीही उडी घेते. एकाच घरातले दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो त्या अशा. पोरांना “तळ्याकडं फिरकायचं नाही” एवढंच सांगतो आपण. त्याच्या जोडीला हेही पक्कं सांगा: कुणी पडलं तर आपण उतरायचं नाही. मोठ्यानं हाका मारायच्या, दोर फेकायचा, दोर नसेल तर झाकण लावलेला रिकामा कॅन फेकायचा. बुडणाऱ्या पोराच्या तोंडून हाक फुटेलच असं नाही. बऱ्याचदा ते आवाज न करता पाण्याखाली जातं, म्हणून ओरडायचं ते काठावरच्यानं.

आता मोठ्यांचं काम. काठाला अँगल रोवून तारेची जाळी मारा. फाटकाची कडी पोराचा हात पोहोचणार नाही इतकी उंच ठेवा आणि कुलूप लावा. कुत्री-डुकरं आत जाऊन कागद फाडतात, तेही टळेल. जाळीचा खर्च यंदा झेपत नसेल तर निदान दोर तरी बांधा. चारही बाजूंना मजबूत खुंट ठोकून, फूट-फूट अंतरावर गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर उतरणीवरून थेट तळापर्यंत सोडायचा. पाणी कितीही खाली गेलं तरी गाठ हाताला लागली पाहिजे. हवा भरलेली जुनी ट्यूब दोराला बांधून तरंगती ठेवा. नायलॉनच्या दोरानं कागद फाटत नाही, त्यामुळे ती सबब नको.

राहिली लहान लेकरं. कांदा काढणीच्या दिवसांत दोघांनाही शेतात राबावं लागतं आणि तीन वर्षांचं पोर नऊ वर्षांच्या ताईवर सोपवलं जातं. ताईसुद्धा लेकरूच आहे. तिच्यावर तो भार टाकणं मला पटत नाही. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये, आया कामात असतात त्या सकाळच्या वेळेत, लहान मुलांना गावातल्याच एका बाईकडे सांभाळायला ठेवण्याची सोय केली गेली आणि मुलांचं बुडणं कमी झालं. आपल्या वस्तीवर हे का जमू नये? चार घरांनी मिळून काढणीच्या दिवसांपुरती एखादी मावशी नेमायची, तिची मजुरी वाटून द्यायची.

एवढं करूनही प्रसंग आलाच, तर पोराला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर उताणं निजवून आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि हे चालू असताना दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. छाती कशी आणि किती दाबायची हे वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना वस्तीवर बोलवा, करून दाखवायला सांगा, स्वतः करून बघा.

तळं तुमचं नसेल, शेजाऱ्याचं असेल, तरी पोरं तिथंच जाणार. तेव्हा भिडेला पडू नका. या रविवारी दोर घ्या, शेजाऱ्यालाही सोबत घ्या आणि दोन्ही तळ्यांना बांधून टाका.