डाव्या हाताचं गाणं

पेटीवर गाणं काढता येतं म्हणजे त्याच्या कॉर्ड्सही काढता येतील, हा समज आम्हा पेटीवाल्यांना कीबोर्डवर गेल्यावर महागात पडतो. उजव्या हाताला चाल सापडते आणि डावा हात त्याच सुराची कॉर्ड दाबून मोकळा होतो. हौशी ऑर्केस्ट्रात मीही तेच करायचो. गायिका मान वळवून बघायची आणि मला वाटायचं, हिचाच सूर गेला.

गोम अशी की एकच सूर अनेक कॉर्ड्समध्ये असतो. पांढरी एकला सा धरा. सा मेजरमध्ये सा-ग-प, म मेजरमध्ये म-ध-सा, ध मायनरमध्ये ध-सा-ग. गाणारा नुसता सा लांबवून उभा असेल, तर खाली या तिन्हींपैकी कोणतीही असू शकते. चाल हे सांगत नाही. बेसला विचारावं लागतं.

तेव्हा आधी वाद्य बाजूला ठेवा आणि ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यातून खालचे सूर धड येतच नाहीत, हेडफोन लावा. डग्ग्याच्या घुमाऱ्याला बेस समजू नका. घुमारा सरकतो, बेस एका सुरावर टिकतो. तो तोंडाने गुणगुणता येईपर्यंत बोटं चालवायची नाहीत. केरवा असेल तर आठ मात्रा मोजत राहा; कॉर्ड बहुतेक वेळा समेवरच बदलते.

सगळ्यात जास्त घोळ सा मेजर आणि ध मायनरमध्ये होतो, कारण सा आणि ग दोघींत आहेत. फरक फक्त प आणि ध यांचा. रेकॉर्ड लावून त्या जागी आधी प गाऊन बघा, मग ध. एक सूर रेकॉर्डमध्ये मिसळून जातो, दुसरा वर तरंगत राहतो. बेसही कधीकधी चकवतो: तो गवर असतो आणि कॉर्ड मात्र साचीच असते. म्हणून ही दुसरी परीक्षा सोडू नका.

जुन्या हिंदी गाण्यांत आणखी एक फसवी जागा आहे. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलं लहानपणीच नोटेशन शिकत, त्यामुळे तिथून मुंबईत आलेल्या वादकांसमोर हार्मनी कागदावर लिहिलेली असे. आपल्याला ती कानाने उकलायची आहे. गाणाऱ्याच्या मागे व्हायोलिन आणि चेलोंची स्वतंत्र चाल फिरत असते. ती हलली म्हणजे कॉर्ड बदलली असं नव्हे. बेस तिथेच असेल तर तुम्हीही तिथेच थांबा.

यमनातल्या चालीखाली सवयीने म मेजर लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. तिच्यात शुद्ध म, गाणाऱ्याच्या गळ्यात तीव्र म. दोन्ही एकमेकांवर आदळतात. तिथे बहुधा रे मेजर बसते, कारण तिच्यात तीव्र म आहे. आणि खरं सांगायचं तर अभंगाला, नाट्यगीताला मी कॉर्डच्या वाटेलाच जात नाही, सा-प धरून गप्प बसतो.

इंटरनेटवरच्या तयार कॉर्ड्स आधी स्वतःच्या काढून झाल्यावरच बघाव्यात. जुन्या रेकॉर्डची पट्टी दोन स्वरांच्या मध्येच कुठेतरी निघाली, तर कीबोर्डचं ट्यूनिंग थोडं वरखाली करून घ्या. पेटीवाल्याला मात्र तो इलाज नाही.