तान्ह्याचं दुखणं आणि त्याची ताकद

वाशीममधल्या एका निवृत्त भूलतज्ज्ञ बाईंकडे एक आजोबा नातवाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन आले. "बाई, पोराले नऊ महिने झाले. गोवराची लस टोचाची हाय, अन् अकोल्याले हर्नियाचं ऑपरेशनबी ठरलं. भुलीनं लस वाया जाईन का?"

"नाही जात, काका. भुलीचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, पण थोडा आणि थोड्या दिवसांचा. अडचण निराळी आहे. या लसीचा ताप आठवड्या-दीड आठवड्यानं येतो. मधेच ऑपरेशन झालं, तर ताप लसीचा की जखम चिघळल्याचा, कसं ओळखायचं? दोन्ही तारखा डॉक्टरांना आधीच सांगा."

"मंग भूल कमीच देल्ली तर?"

बाई जरा तडकल्याच. असं मानणारे डॉक्टरही एके काळी होते. तान्ह्याला दुखतच नाही, या समजुतीवर 1980च्या दशकापर्यंत परदेशी रुग्णालयांतही मुदतपूर्व बाळांना स्नायू सैल करणारं औषध आणि सौम्य गॅस एवढ्यावर ऑपरेशन होई. बाळ हलू शकत नसे, रडूही शकत नसे.

इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांना ऑपरेशनहून परतलेली बाळं फार खालावलेली दिसत. त्यांनी काही बाळांना जोडीला फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक दिलं. त्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी उसळली, गुंतागुंतही कमी झाली. हे 1987 साली छापून आलं. पुढे 1992 मध्ये छापलेल्या त्यांच्याच अभ्यासात, हृदयाच्या ऑपरेशनवेळी हलकी भूल मिळालेल्या 15 नवजातांपैकी 4 दगावले. गाढ भूल मिळालेल्या 30 पैकी एकही नाही. रक्तात जंतुसंसर्गही गाढ भुलीच्या गटात कमी. आकडे लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हेत.

"दुखन्याचा अन् जंतूचा काय संबंध?"

"दुखलं की शरीर कॉर्टिसॉल सोडतं. त्यानं साखर चढते, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. गंमत अशी, की मॉर्फिनसारखी औषधंही प्रयोगशाळेत याच पेशींना मंद करतात. म्हणून मात्रेचा हिशेब."

भूल आणि प्रतिकारशक्ती यांच्या नात्याचा शोध मोठ्यांमध्येही चालू आहे, तोही कर्करोगाच्या ऑपरेशनांत. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1600 महिलांवर चाचणी झाली. स्तनातली गाठ काढण्याआधी काही मिनिटं निम्म्या जणींना गाठीभोवती लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं स्वस्त इंजेक्शन दिलं. 2023 साली निकाल छापला: पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्के. मात्र 2019च्या एका बहुदेशीय अभ्यासात पाठीतून नस बधिर करूनही कर्करोग उलटण्याचं प्रमाण बदललं नव्हतं. त्यामुळे टाटाच्या यशाचं श्रेय प्रतिकारशक्तीला देण्याची घाई बाई करत नाहीत.

"आमच्या पोराले दुखीन का मंग?"

"झोपल्यावर माकडहाडाजवळ इंजेक्शन देतात, कॉडल ब्लॉक. काही तास दुखत नाही. घरी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टर सांगतील त्या वेळेला. बाळ रडायची वाट बघत बसू नका."