छोट्या हत्तीचा चारा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास पेडणे व डिचोली तालुक्यांतून भाजी, केळी, मिरच्या असा माल जातो. पूर्वी तो डोक्यावरून किंवा बैलगाडीने जाई. आता लहान मालवाहू गाडी दाराशी येते. टाटांनी २००५ साली आणलेल्या दोन सिलिंडरांच्या 'एस' गाडीस लोक 'छोटा हत्ती' म्हणू लागले. हत्ती म्हटला की चाऱ्याचा प्रश्न आलाच.

"लिटरला किती जाते?" हे आम्ही प्रथम विचारतो, मात्र उत्तर ऐकीव नसावे. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. आठवड्याने टाकी पुन्हा तशीच भरावी व कापलेल्या अंतरास या वेळी लागलेल्या लिटरांनी भागावे. मालपेचा चढ, चाकांत कमी असलेली हवा, भरधाव वेग, सारे त्या भागाकारात उतरते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि बंद मालवाहू गाडीचे अंग तर कपाटासारखे!

परंतु खरा हिशेब किलोचा आहे. जाऊनयेऊन ४० किलोमीटर, लिटरला १६ किलोमीटर आणि इंधन १०० रुपये लिटर असे मानू. खर्च २५० रुपये. माल ५०० किलो असेल तर किलोमागे ५० पैसे पडतात. ५० किलोच असेल तर ५ रुपये! भेंडीवाल्याचा नफा तेथेच आटतो. विमा व कर्जाचा हप्ता तर गाडी उभी असली तरी चालूच. दोन शेजाऱ्यांनी मिळून गाडी भरली आणि परतताना खताची चार पोती मिळाली, तर त्या २५० रुपयांचे तीन वाटेकरी होतात.