शाळा सोडू का?

प्रश्न : मी खासगी विनाअनुदानित माध्यमिक शाळेत ९ वर्षे गणित शिकवते, कायम आहे. एका कंपनीत ऑनलाइन अभ्याससाहित्य तयार करण्याची नोकरी मिळते आहे. वर्ग आवडतो, पण बाकीच्या कामांनी जीव मेटाकुटीला आला आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘वर्ग आवडतो’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. नव्या कामात गणित असेल, समोर मुले नसतील. चुकलेल्या उदाहरणावरून मुलाच्या मनातला गोंधळ ओळखणे हाच तुमचा आनंद असेल, तर मी आधी शाळा बदलून पाहायला सांगेन. पेपर, नोंदी, सभा सगळीकडेच असतात; पण त्यांचा जाच मुख्याध्यापकांवर बराच अवलंबून असतो. मुलांपेक्षा प्रश्न रचण्यातच मन रमत असेल, तर बिनधास्त जा.

जायचे ठरले तर घाईत राजीनामा नको. १९८१च्या खासगी शाळा नियमावलीनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ग्रॅच्युइटीवर तुमचा हक्क आहे : सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. पीएफ कापला जात असेल, तर तो अजिबात काढू नका. कारण त्यासोबतच्या मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. पीएफचा जुनाच क्रमांक (यूएएन) नव्या कंपनीत दिलात, तर ही ९ वर्षे पुढच्या सेवेत जोडली जातील. आणि दहावीचा वर्ग असेल, तर नोटीस बोर्डाच्या परीक्षेनंतर संपेल अशी द्या.