गुडघ्याचा टीबी : मालिश नको, तपासणी करा

वस्तीत फिरताना आम्हाला एक शाळकरी मुलगी भेटली. गुडघा सुजलेला. पडली असेल, म्हणून घरच्यांनी चार महिने मालिश केली. आम्ही पाहिले तेव्हा पाय वाकलेलाच राहिला होता, नडगी मागे सरकली होती. तपासणीत गुडघ्याचा टीबी निघाला.

टीबी फक्त छातीचा नसतो. जंतू रक्तातून सांध्यात जातात. सांध्याचे अस्तर सुजते, हाड झिजते, हाडांना धरून ठेवणारे बंध सैल पडतात. दुखते म्हणून आपण पाय वाकवून ठेवतो. मग मांडीमागचे स्नायू आखडतात आणि नडगीला मागे ओढतात. मार न लागताच गुडघा निखळतो.

एकाच गुडघ्याला कित्येक आठवडे सूज, लंगडणे, मांडी बारीक होणे, संध्याकाळी बारीक ताप, रात्री मूल कळवळून उठणे, ही लक्षणे ओळखा. खोकला असेलच असे नाही. थुंकीत काही निघाले नाही म्हणून गप्प बसू नका. एक्स-रे काढावा लागतो, सांध्यातले पाणी किंवा तुकडा तपासावा लागतो.

औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. हाडाच्या टीबीला साधारण वर्षभर घ्यावी लागतात. बरे वाटले तरी मध्येच सोडू नका. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर लगेच दवाखाना गाठा. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी पैसे बँक खात्यात येतात. नाव नोंदवले का ते विचारा.

घरी एवढे पाळा :

१. गुडघ्याखाली उशी ठेवू नका; पाय वाकलेलाच आखडतो.
२. जोर लावून सरळ करू नका. नडगी आणखी मागे जाते.
३. डॉक्टरांनी दिलेला पट्टा किंवा लावलेले वजन आपल्या मनाने काढू नका.
४. परवानगी मिळाल्यावर पाय सरळ ठेवून मांडी आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा.
५. सांगेपर्यंत पायावर भार नको. कुबड्या वापरा, त्यात लाज कसली?

पाऊल गार, बधिर किंवा निळे पडले तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या.

छातीचा टीबी सोबत नसेल, तर गुडघ्याचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळे करू नका, लेकीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवू नका. ती मुलगी आज शाळेत जाते, पण गुडघा पुरता वाकत नाही. ते चार महिने वाया गेले नसते तर बहुधा वाकला असता. तुमच्या घरी ते महिने वाया जाऊ देऊ नका.