अँटिबायोटिक चालू असताना: घरातली सगळी औषधे डॉक्टरांना सांगा

पावसाळ्यात वस्तीत ताप, जुलाब, जखमा वाढतात आणि घरात अँटिबायोटिक येते. त्याच घरात कुणाची शुगरची गोळी, कुणाची रक्तवाढीची लाल किंवा निळी गोळी, कुणाचे पित्ताचे औषध, कुणाचा काढा चालू असतो. डॉक्टर विचारतात, "दुसरे काही घेता का?" आपण "नाही" म्हणतो, कारण काढा आणि रक्तवाढीची गोळी आपण औषधात धरतच नाही. वस्त्यांतून फिरताना आम्हाला हे सतत दिसते.

गोळी वाया कशी जाते?
पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनही बऱ्याचदा दिले जाते. लोह, कॅल्शियम, झिंक आणि पित्ताच्या पातळ औषधातले मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम या दोन्ही औषधांना पोटातच धरून ठेवतात. औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. ताप हटत नाही, पैसे जातात, रोज बुडतो.

म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन अशा गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. नुसत्या दुधासोबत घेऊ नये. डॉक्सीसायक्लिन चालू असताना रक्तवाढीची गोळी किती अंतराने घ्यायची, की तेवढे दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारावे. ही गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. गरोदर बाईने आणि आठ वर्षांखालील मुलाने डॉक्सीसायक्लिन आपल्या मनाने घेऊ नये.

झाडपाल्याचे, म्हणून निर्धोक?
लोहभस्म आणि मंडूर यांत लोह असते, शंखभस्म आणि प्रवाळ यांत कॅल्शियम. त्यामुळे वरची काळजी इथेही घ्यावी. आसव आणि अरिष्टांमध्ये आंबवताना मद्यार्क तयार होतो. जुलाब-आवेसाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू आणि आसव-अरिष्टे दोन्ही बंद ठेवावीत, गोळ्या संपल्यावरही तीन दिवस. नाहीतर मळमळ, उलटी, धडधड होऊ शकते.

या दोन गोष्टी खास लक्षात ठेवा
शुगरच्या गोळ्यांसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतल्यास शुगर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ आली तर शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्या आणि दवाखान्यात न्या.

टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. टीबीचे औषध थांबवू नका. दुसरे साधन कोणते ते आशाताईंना विचारा.

दवाखान्यात जाताना
घरातली सगळी पाकिटे, चूर्णाच्या पुड्या, काढ्याची बाटली एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. पूर्वी कुठल्या गोळीने अंगावर पुरळ आले असेल तर तेही सांगा. "कोणती गोळी कशासोबत चालणार नाही?" हे विचारून वेळा चिठ्ठीवर लिहून घ्या. उरलेली गोळी शेजारी देऊ नका. डॉक्टर घाईत असले तरी विचारा. आपल्या पोटात काय जाते हे समजून घेणे हा आपला हक्क आहे.